कल की सब बात याद येईल

इंदूरच्या लोकमान्य नगरात श्रीपादराव धारकरांबद्दल कुणालाही विचारा, पहिलं हेच ऐकायला मिळेल की माणूस सरळ, पण चिवट. एखादी गोष्ट कशी चालते हे कळेपर्यंत तिचा पिच्छा सोडायचा नाही. उभी नोकरी विजेच्या मीटरांच्या तपासणीत गेली. गिऱ्हाईक म्हणायचं मीटर पळतंय, ऑफिस म्हणायचं बरोबर आहे, आणि खरं काय ते ठरवायचं काम श्रीपादरावांचं. तक्रारीचं मीटर टेबलावर मांडायचं, शेजारी खात्रीचं मीटर लावायचं आणि दोन्हींच्या चकत्या फिरताना बघत बसायचं, बस्स. भुताखेताच्या गप्पा कुणी काढल्या तर हे गृहस्थ इंदुरी ढंगात शांतपणे विचारायचे, "भिया, त्या वेळी लोड किती होता ते सांगा पहिले." मंडळी हसायची आणि विषय बदलायचा.

अशा माणसाच्या घरात हे झालं. तुमच्या-माझ्यासारख्या भित्र्याच्या घरात झालं असतं तर मी सांगायच्या भानगडीत पडलोच नसतो.

त्यांची बायको शशिकलाबाई, हिंदी शाळेत लहान मुलींना शिकवून रिटायर झालेल्या. बोलणं अस्सल इंदुरी मराठी, निम्मं घरचं, निम्मं बाजारातल्या हिंदीचं. या बाईंची आठवण विरत चालली होती. सुरुवात झाली ती कुणाच्या लक्षातही येऊ नये अशी, पोह्यांत दोनदा मीठ पडलं इतकीच. मग सियागंजला किराणा आणायला गेल्या आणि घरचा रस्ता विसरून एका दुकानाच्या पायरीवर निमूट बसून राहिल्या. दुकानदारानं फोन केला तेव्हा श्रीपादरावांना कळलं. त्यानंतर माणसं पुसली जायला लागली, आधी लांबची आणि मग जवळची. कधीकधी त्या खुद्द श्रीपादरावांनाच "भाऊ" म्हणायच्या आणि पदर सावरून बसायच्या.

दिवाळीत संहिता आली. ही त्यांची एकुलती एक मुलगी, बंगळुरूला नोकरीला. बॅग घेऊन दारात उभी राहिली, आईनं दार उघडलं, छान हसली आणि म्हणाली, "या ताई. कुणाकडे आलात आपण?" संहिताला वाटलं आई गंमत करतेय. पण राहिली तितके दिवस आई तिला पाहुणीसारखीच वागवत होती. पाणी द्यायची ते खाली बशी धरून, जेवताना आग्रह करायची, आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली की संकोचून म्हणायची, "राहू द्या ना, तुम्ही कशाला." जाताना रिक्षात बसण्याआधी संहिता बापाला म्हणाली, "बाबा, मला हे जमत नाही. ती ओळखायला लागली तर बोलवा, त्याच दिवशी येते. नाही तर बोलवू नका."

श्रीपादरावांना ते लागलं, खूप लागलं. पण पोरीचं चुकलं असं त्यांना कधी वाटलं नाही. त्या दिवसापासून त्यांच्या आयुष्यात एकच काम उरलं. शशीनं एकदा लेकीला नावानं हाक मारली पाहिजे, मग बाकीचं काय व्हायचं ते होवो.

प्रणव त्यांना भेटला तो ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात. मूळचा पुण्याचा, तिशीतला, भंवरकुआँ चौकाच्या पुढं एका संस्थेत झोपेवर संशोधन करायचा. म्हाताऱ्यांसमोर भाषण द्यायला आला होता आणि अर्धे म्हातारे तिथंच डुलक्या घेत होते. श्रीपादराव तेवढे पहिल्या रांगेत ताठ बसलेले. प्रणवनं सांगितलं की दिवसभरात जे घडतं ते गाढ झोपेत मुरतं, लोणचं मुरतं तसं. त्या झोपेत मेंदूत संथ लाटा येतात. वय झालं की लाटा उथळ होतात आणि मग काही मुरत नाही. तर लाट वर चढत असते नेमक्या त्या क्षणी कानात एक बारीकसा आवाज सोडायचा, नुसता फुस्स, शब्द नाही की सूर नाही. लाट मोठी होते आणि झोपही मोडत नाही. काही जणांना उठल्यावर जास्त आठवतं, काहींना काडीचा फरक पडत नाही. हे शेवटचं वाक्य श्रीपादरावांना फार आवडलं. फसवणारा माणूस असं कशाला सांगेल, असं त्यांना वाटलं.

आठवड्याभरात प्रणव यंत्र घेऊन घरी आला. कपाळाला बांधायचा एक मऊ पट्टा, कानाशी बटणाएवढे स्पीकर आणि जेवणाच्या डब्याएवढं एक खोकं. शशिकलाबाईंची रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांची. खरी झोप लागायची ती दुपारी जेवणानंतर. म्हणून दुपारचंच ठरलं.

घोडं अडलं ते एका वाक्यावर. झोप लागण्याआधी माणसाला एक वाक्य ऐकवायचं असं प्रणवच्या पद्धतीत होतं, म्हणजे काय आठवायचं आहे ते मनाला कळतं. पुण्याहून भरून आणलेल्या आवाजात एक बाई शुद्ध मराठीत सांगायची की कालच्या दिवसातील घटना तुम्हाला स्पष्ट आठवतील. शशिकलाबाई ते ऐकून ताडकन उठून बसल्या आणि म्हणाल्या, "ही कोण बाई आली? हिला पाणी दिलं का?" दुसऱ्या दिवशीही तेच झालं. शेवटी प्रणव म्हणाला की काका, घरातल्या माणसाच्या आवाजात करू, त्यांच्या रोजच्या भाषेत. श्रीपादरावांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, दोनदा घसा खाकरला आणि पोरीला परीक्षेच्या दिवसांत शशीच जे म्हणायची तेच तिच्यासाठी म्हटलं: "शशी, झोप आता. उठलीस की कल की सब बात याद येईल."

प्रणवला ते ऐकून हसू आलं. फार गोड आहे म्हणाला आणि खोक्यात भरून टाकलं. त्या दुपारी शशिकलाबाई वाक्य संपायच्या आत झोपल्या.

फरक पडला यात वादच नाही. थोड्याच दिवसांत 'भाऊ' बंद झालं आणि 'अहो' परत आलं. त्या मोरीतून हाक मारायला लागल्या, भाजीत हिंग कमी पडला म्हणून कुरकुर करायला लागल्या, आणि श्रीपादराव ती कुरकुर प्रसादासारखी ऐकून घ्यायचे. फक्त एका ठिकाणी गाडं अडत होतं. उठल्यावर प्रणवच्या सांगण्याप्रमाणे त्यांना विचारायचं की शशी, कल काय काय झालं? त्या न अडखळता सांगायच्या आणि साफ चूक सांगायच्या. आदल्या दिवशी दुधीभोपळा झालेला असे, या सांगत मेथी झाली होती. कुणी फिरकलेलं नसे, या सांगत वरच्या आळीतली शिवांगी लग्नाची पत्रिका देऊन गेली. प्रणव म्हणाला की घाबरण्यासारखं काही नाही, याला कन्फॅब्युलेशन म्हणतात, मेंदू रिकामी जागा आपल्या मनानं भरून काढतो. श्रीपादरावांनी ते मान्य केलं. पुढं मेथीही झाली आणि पत्रिकाही आली, पण मेथी काय, थंडीत सगळ्यांकडेच होते.

दुसरी गोष्ट मात्र त्यांना खटकली. दुपारी बायकोच्या उशाशी खुर्ची टाकून ते बसत. खिडकीचा पडदा ओढलेला, खोलीत अमृतांजनचा वास, बाहेर कुठंतरी भंगारवाल्याची लांबलेली आरोळी. पट्ट्यातून येणारा आवाज जवळ बसणाऱ्यालाही जेमतेम ऐकू यायचा. आणि शशिकलाबाई झोपेत "हं" म्हणायच्या. थोड्या वेळानं परत "हं." लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा पोरांनी हुंकार द्यायचा असतो, नाही तर गोष्ट थांबते, तसा तो हुंकार होता. कुणीतरी काहीतरी सांगतंय आणि आपण ऐकतोय, पुढं सांगा, असा. श्रीपादरावांनी एकदा पट्टा स्वतःच्या कानाला लावून बघितला. फुस्स. लांबच्या घरात कुकरची वाफ सुटावी एवढंच. त्यात काही नव्हतं.

पण ते मीटरवाले. बसल्या बसल्या त्यांनी कान दिला तेव्हा ध्यानात आलं की हुंकार आवाजाच्या नंतर येत नाहीये. आधी येतोय. आधी "हं", मग फुस्स.

प्रणवलाही संस्थेतल्या पडद्यावर तेच दिसलं होतं. बिचारा ओशाळून सांगायला आला की काका, टायमिंगमध्ये काहीतरी गडबड आहे, आवाज सोडायच्या आधीच काकूंच्या मेंदूत त्याचा रिस्पॉन्स येतोय. खोकं बदललं, पट्टा बदलला. नव्या खोक्यातही तेच आलं. प्रणव म्हणाला की सॉफ्टवेअर बघावं लागेल. त्यानंतर तो घरी जरा कमी यायला लागला, फोनवरच बोलायचा.

पाण्याचा दिवस आला तो त्यानंतर. त्यांच्या भागात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. शशिकलाबाई दुपारी उठल्या आणि म्हणाल्या की कल नळाला पाणीच आलं नाही, तुम्ही शंकररावांकडून बादली आणली आणि फाटकातच सांडलीत, धोतर सगळं भिजलं. श्रीपादराव हसले. धोतर ते पूजेपुरतं कधीमधी नेसायचे, घरात कायम पायजमा. दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती आणि पाणी आलं नाही. कुठंतरी मोठी लाइन फुटली होती. शंकरराव म्हणजे शेजारी, त्यांच्याकडे बोअरिंग. श्रीपादराव सकाळच्या पूजेचं सोवळं नेसलेले होते तसेच बादली घेऊन गेले, कारण त्या दिवशी संकष्टी होती आणि देवाला पाणी हवं होतं. परत येताना फाटकाची कडी बादलीला अडकली. गार पाणी मांड्यांवरून खाली गेलं. ते तसेच उभे राहिले, ओलं धोतर पायाला चिकटलेलं, आणि शंकरराव कुंपणावरून विचारत होते की भिया, लागलं का कुठं?

आत येऊन त्यांनी स्वतःचं वाक्य लावून ऐकलं. पुन्हा ऐकलं. कल की सब बात याद येईल.

आता पुण्याचा माणूस काल म्हणेल नाही तर उद्या म्हणेल, त्याचे दोन वेगळे खण आहेत. आपल्या इंदूरच्या घरांत तसं नाही. आपण हिंदीत शिकलो, हिंदीत भांडलो, आपला 'कल' गेलेलाही असतो आणि येणाराही असतो. कुठला ते आपण पुढच्या क्रियापदावरून ओळखतो, आणि आयुष्यात कधी अडत नाही. प्रणवला वाटलं कल म्हणजे काल. श्रीपादरावांच्याही मनात कालच होता. पण शशीच्या झोपेत ते वाक्य ज्यानं कुणी ऐकलं, त्यानं दुसरा अर्थ धरला होता.

हा विचार डोक्यात आला तसे श्रीपादराव स्वतःवरच चिडले. म्हणजे काय, झोपेत ऐकणारा दुसरा कोण आहे? मूर्खपणा आहे सगळा. तरी त्यांनी वाक्य बदललं. स्वच्छ 'कालच्या गोष्टी आठवतील' असं भरलं आणि त्या दुपारी तेच लावलं. शशिकलाबाई गाढ झोपल्या. एकही हुंकार आला नाही. उठल्या, उशाशी बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं, घाईनं पदर सावरला आणि म्हणाल्या, "भाऊ, आपण कधी आलात? घरात कुणी नाहीये."

श्रीपादराव खुर्चीतून उठले ते मोरीत जाऊन रडले. मोठे झाल्यावर ते बहुधा पहिल्यांदाच रडत असावेत, कारण त्यांना ते नीट जमतही नव्हतं. संध्याकाळी त्यांनी जुनं वाक्य परत चढवलं. दुसऱ्या दुपारी 'अहो' परत आलं.

मग त्यांनी तिला विचारायचंच नाही असं ठरवलं. पण ती आपणहून सांगायची. एका दुपारी म्हणाली की कल तुम्ही बोट कापून घेतलंत, रक्त थांबेना. झालं. दुसऱ्या दिवशी श्रीपादरावांनी दाढी केली नाही. विळी माळ्यावर टाकली, सुरी कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली आणि दिवसभर हाताची घडी घालून बसले, परीक्षेतल्या पोरासारखे. ऊन कलायला लागलं तेव्हा शशिकलाबाई भिंतीपुढं उभ्या होत्या. तिथं संहिताचा पदवीच्या वेळचा फोटो होता. "काढून द्या ना जरा," म्हणाल्या. त्यांनी खुर्चीवर चढून फ्रेम उतरवली. काच कोपऱ्यात तडकलेली होती हे त्यांना हातात घेतल्यावर कळलं, बोटाला गरम लागलं तेव्हा.

"ही आपली संहिता," शशिकलाबाई म्हणाल्या. "केवढी वाळलीय. जेवत नाही ही पोरगी."

रक्त फ्रेमवर पडत होतं आणि श्रीपादराव हसत होते. त्यांनी एका हातानं बोट दाबून दुसऱ्या हातानं फोन लावला आणि काही न सांगता शशीच्या कानाशी धरला. शशिकलाबाईंनी विचारलं, "संहिता, जेवलीस का गं?" पलीकडून हुंदका आला. संहितानं त्याच संध्याकाळी विमानाचं तिकीट काढलं. शुक्रवारी सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी.

सांगायला हरकत नाही, ते दोन-तीन दिवस त्या घरात सणासारखे गेले. श्रीपादरावांनी बोटाला पट्टी बांधून माळे झाडले, गाद्या उन्हात घातल्या. भीती होती, पण तिच्याकडे बघायला त्यांना फुरसत नव्हती. मेथी, पत्रिका, पाणी, बोट, यातलं काय मोठं होतं? उद्याची बातमी एक दिवस आधी कळली तर कळू दे, पोरगी येतेय ना घरी.

गुरुवारी दुपारी शशिकलाबाई झोपेत पुष्कळ वेळ हुंकार देत होत्या. एकामागून एक, संथ, थकलेले. शेवटी शेवटी नुसता श्वास ऐकू येत होता. उठल्या तेव्हा डोळ्यांतलं पाणी कानशिलांवरून उशीत गेलेलं होतं.

"कल संहिता पोचली नाही," त्या म्हणाल्या.

श्रीपादरावांनी विचारलं, पोचली नाही म्हणजे?

"नाही पोचली. किती लोक थांबले होते तिच्यासाठी. फोनावर फोन. ऊन उतरलं तरी नाही." त्या उठून बसल्या आणि पट्टा स्वतःच सोडायला लागल्या. "मी दारातच बसले होते. नाहीच पोचली माझी पोरगी."

त्यांनी पुढं विचारलं नाही. विचारायला हवं होतं, एवढंच म्हणता येईल. पण त्यांच्या डोळ्यांपुढं विमान उभं राहिलं होतं. ते अंगणात आले, तुळशीपाशी उभे राहिले, आणि पोरीला कसं थांबवायचं याचा विचार करायला लागले. खरं सांगितलं असतं तर तिनं बापाला दवाखान्यात न्यायला आणखी आधीचं विमान पकडलं असतं. आजारपण सांगितलं असतं तर धावत आली असती. तिला थांबवील असं जगात एकच खोटं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"संहिता, बेटा, येऊ नकोस. ती परत विसरली."

"पण परवा तिनं मला नावानं हाक मारली, बाबा."

"ती हाक त्या दिवसापुरतीच होती. आज विचारलं तर म्हणाली कोण संहिता. आलीस तर ताई म्हणेल, बशी धरून पाणी देईल. बघवेल का तुला?"

पलीकडे तिनं नाक ओढलं. मग म्हणाली, "ठीक आहे, बाबा," आणि फोन ठेवला. थोड्या वेळानं तिचा मेसेज आला की तिकीट रद्द केलं आणि आता काही दिवस फोन करू नका.

श्रीपादरावांना आत कुठंतरी बरंही वाटलं. शशीची आठवण चुकत नाही ना? न चुको. संहिता पोचली नाही हे अक्षरशः खरं होईल, आणि पोरगी बंगळुरूला आपल्या घरी धडधाकट बसलेली असेल. आपल्या बुद्धीचं त्यांना अमळ कौतुकही वाटलं. त्यांनी स्वतः चहा केला, आलं घालून, आणि दोन कप घेऊन ओसरीत आले.

उतरतं ऊन फाटकापर्यंत आलं होतं. शशिकलाबाई खाली बघत होत्या, ओसरीच्या पायऱ्यांकडे.

"कल इथं चपलाच चपला होत्या," त्या म्हणाल्या. "पाऊल ठेवायला जागा नव्हती."

"कुणाच्या?"

"लोकांच्या. शंकरराव होते. बायकांना सांगत होते, गॅस पेटवू नका, आमच्याकडून चहा येईल." त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "तो पुण्याचा प्रणव फाटकाशी उभा होता. आत ये म्हटलं तर आत येईना."

श्रीपादरावांनी कप खाली ठेवला.

"शशी, मी कुठे होतो?"

"आत होतात ना. मधल्या खोलीत. टेबल, दिवाण, सगळं सरकवलं होतं त्यांनी."

"काय करत होतो?"

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, लहान मुलानं काहीतरी वेड्यासारखं विचारावं तसं.

"काही नाही. निजला होतात. पंखा लावा म्हटलं तर दिवा विझेल म्हणाले."

फाटकाबाहेरून एक स्कूटर गेली.

"संहितासाठी थांबू म्हणत होते सगळे," शशिकलाबाई म्हणाल्या. "ती म्हणे सकाळच्या विमानानंच येणार होती. तिनं ते तिकीट रद्द केलं आणि मग दुसरं मिळालंच नाही तिला. शंकरराव म्हणाले, रद्द केलं नसतं तर वेळेवर पोचली असती. आता थांबता येणार नाही म्हणाले."

श्रीपादरावांनी फोन उचलला. यादीत नाव शोधलं. सापडलं. एक बाई आधी हिंदीत आणि मग इंग्रजीत म्हणाली की हा फोन बंद आहे. त्यांनी परत लावला. परत तेच.

मेसेज लिहायला घेतला. आईला सगळं आठवतं, असं लिहिलं. ये, असं लिहिलं. पाठवला. तो गेला, पण पोचल्याची दुसरी खूण काही उमटली नाही.

"पोरगी आली की तिला सांगायचंय मला," शशिकलाबाई म्हणाल्या, "बापाचं तोंड शांत होतं म्हणून."

"शशी. मला बघ. मी इथं आहे."

"हं," त्या म्हणाल्या.

त्यांनी बशी बाजूला ठेवली आणि खाली वाकल्या. श्रीपादरावांच्या पायातली चप्पल काढली, मग दुसरी.

"अंगठे बांधले होते तुमचे, दोन्ही एकमेकांना. मी किती म्हटलं, सोडा, रुतत असेल त्यांना. कोणी ऐकलं नाही माझं."

त्यांनी दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि उन्हाकडे वळवले. श्रीपादरावांनी खाली बघितलं. दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी दोऱ्याचा बारीक वळ होता, लालसर, ताजा.

"अजून गेला नाही," त्या म्हणाल्या आणि हलक्या हातानं तो चोळायला लागल्या.